दर्यापार गेलेल्या नौसैनिकाचे कागद जुळवताना

बेळगाव भागात ‘आजोबा मिलिटरीत होते’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मराठा लाइट इन्फंट्रीच उभी राहते. त्यात नवल नाही. १९२२ च्या पुनर्रचनेपासून रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे, आणि तालुक्यातालुक्यांत पलटणीतली घरं आहेत. पण दुसऱ्या महायुद्धात इथले काहीजण रॉयल इंडियन नेव्हीत गेले, त्यातले काही पुढे विलायतेला पोचले आणि तिकडचेच झाले. त्यांची ट्रंक उघडली की आतले कागद पलटणीच्या हिशोबानं वाचले जातात आणि शोध पहिल्याच पायरीवर चुकतो. सीमाभागातल्या अशा घरांचे कागद जुळवण्याचं काम आम्ही करतो. गावचा दाखला, नौदलाचं सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि विलायतेतला मृत्यूचा दाखला या चारही ठिकाणचा माणूस एकच आहे, हे कागदांनी दाखवून देणं एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं, पण चारही कागदांवर नाव वेगळं, जन्मतारीख वेगळी आणि जिल्हाही वेगळा असू शकतो.

घरच्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा की नेव्ही म्हणजे कोणती? पिढ्यान्‌पिढ्या ‘नेव्हीत होते’ एवढंच सांगितलं गेलेलं असतं, आणि त्यात लढाऊ नौदल आणि मर्चंट नेव्ही दोन्ही मिसळून गेलेलं असतं. मुंबईहून मालवाहू बोटींवर खलाशी, आगवाला, भंडारी म्हणून गेलेली माणसंही त्याच युद्धात होती. टॉर्पेडो त्यांच्याही बोटींना लागले. पण त्यांची कचेरी वेगळी आणि हक्कही वेगळे. मर्चंट नेव्हीच्या माणसाकडे सीडीसीचं (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेटचं) पुस्तक असतं. त्यात प्रत्येक सफरीची एक ओळ असते : बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, कप्तानाचा शेरा. नौदलाच्या माणसाकडे पुस्तक नसतं, सर्व्हिस सर्टिफिकेट नावाचा घडीचा जाड कागद असतो. नावांकडे बघूनही कळतं. बोटीच्या नावाआधी ‘एस.एस.’ किंवा ‘एम.व्ही.’ असेल तर मर्चंट, ‘एच.एम.आय.एस.’ असेल तर रॉयल इंडियन नेव्ही. २६ जानेवारी १९५० नंतर त्याचंच ‘आय.एन.एस.’ झालं.

सर्टिफिकेट सापडलं नाही तरी फोटो बहुधा असतोच, आणि फोटोतच सर्वांत मोठा घोटाळा होतो. डाव्या बाहीवर तीन उलट्या पट्ट्या दिसल्या की आपल्याकडे लगेच ‘हवालदार होते’ असं ठरतं. पलटणीत ते बरोबर आहे. नौदलात त्या पट्ट्या हुद्द्याच्या नसतात, चांगल्या वर्तणुकीच्या असतात. ब्रिटिश नौदलाच्या पद्धतीनं पहिली ३ वर्षांनी, दुसरी ८ वर्षांनी आणि तिसरी १३ वर्षांनी मिळे. म्हणजे १९४२ साली भरती झालेल्या माणसाच्या बाहीवर युद्ध संपेपर्यंत फार तर एकच पट्टी येईल. १९४५ च्या फोटोत तीन पट्ट्या असतील तर माणूस युद्धाच्या कितीतरी आधीचा आहे, बहुधा १९३४ च्या आधी रॉयल इंडियन मरीन या जुन्या नावाखाली भरती झालेला. मग भरतीचा शोध त्या काळात घ्यायचा. हुद्दा बघायचा तो पट्ट्यांच्या वरच्या खुणेवरून. एक नांगर म्हणजे लीडिंग रेट, मुकुटाखाली दोन तिरके नांगर म्हणजे पेटी ऑफिसर. उजव्या बाहीवर कामाची खूण असते. जहाजाचा पंखा असेल तर स्टोकर, म्हणजे बॉयलर-इंजिनाकडचा माणूस. एकमेकांवर तिरकी दोन निशाणं असतील तर सिग्नलमन. पंख आणि वीज असेल तर टेलिग्राफिस्ट. पूर्वी स्टुडिओतले काही फोटो निगेटिव्ह उलटी ठेवून काढले गेले आहेत, अशा फोटोत डावी बाही उजवी होते. त्यामुळे आधी टोपीच्या फितीवरची अक्षरं सरळ वाचता येतात का ते बघावं. त्या फितीवर जहाजाचं नाव सापडेल ही आशा मात्र धरू नये. युद्धकाळात गुप्ततेसाठी फितीवर नुसतं ‘एच.एम.आय.एस.’ असे.

आता सर्टिफिकेट. या एका कागदावर जितका वेळ घालवाल तितका थोडा. तो सपाट करायला इस्त्री फिरवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. लॅमिनेशनच्या उष्णतेनं जुनी शाई फिकी पडते आणि नंतर प्लास्टिक सोडवताना कागद फाटतो. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, घडीच्या प्रत्येक भागाचा वेगळा फोटो घ्या. घडीवर गेलेली अक्षरं कागद तिरक्या उजेडात धरला की दिसतात, कारण टाकाच्या निबानं कागदावर चर पडलेला असतो.

पहिल्या भागात जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, भरतीआधीचा धंदा, जवळचा नातेवाईक आणि अंगावरच्या खुणा असतात. खुणांची ओळ आधी उतरून घ्या. ‘डाव्या भुवईवर व्रण’, ‘उजव्या मनगटावर गोंदण’ अशी ती ओळ असते. नावं बदलतात, तारखा बदलतात, व्रण बदलत नाही. पुढे १९५० च्या दशकातल्या भारतीय पासपोर्टवर ‘ठळक खुणा’ असा रकाना येतो. तिथं तोच व्रण सापडला की दोन कागदांमधला मोठा सांधा जुळला.

मधल्या भागात जहाजांची यादी असते : जहाज, हुद्दा, कधीपासून, कधीपर्यंत. बाजूला दर ३१ डिसेंबरला भरलेला वर्तणुकीचा आणि कामाचा शेरा असतो. ‘व्ही.जी.’ म्हणजे वर्तणूक फार चांगली. कामाच्या रकान्यात ‘सुपर’ म्हणजे वरच्या प्रतीचा, ‘सॅट’ म्हणजे समाधानकारक, ‘मॉड’ म्हणजे मध्यम. ब्रिटिश नौदलाच्या मूळ नमुन्यावर एक सूचना छापलेली असते की वाईट शेऱ्यानं काढलेल्या माणसाच्या कागदाचा कोपरा कापून टाकावा. म्हणून कोपरे नीट बघा. वाळवीनं किंवा उंदरानं खाल्लेली कड वेडीवाकडी असते, कात्रीनं कापलेला कोपरा सरळ तिरका असतो. कोपरा झिजलेला बघून घरच्यांनी आजोबांना उगाच बदनाम समजावं, असं होऊ देऊ नका.

यादीतलं प्रत्येक ‘जहाज’ तरंगणारं नसतं, हे लक्षात ठेवा. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजाचंच नाव देतात. ‘तलवार’ ही मुंबईत कुलाब्याला असलेली सिग्नल शाळा. ‘डलहौसी’ हा मुंबईचा डेपो. ‘अकबर’ ठाण्याजवळ कोलशेतला, ‘शिवाजी’ लोणावळ्याला, ‘वलसुरा’ जामनगरला, ‘व्हेंदुरुथी’ कोचीनला. ‘बहादूर’, ‘हिमालय’ आणि ‘चमक’ कराचीत. समुद्रावरची जहाजं म्हणजे ‘सतलज’, ‘जमना’, ‘नर्बदा’, ‘गोदावरी’, ‘कावेरी’, ‘किस्टना’ हे नद्यांच्या नावांचे स्लूप (ताफ्याच्या राखणीची लढाऊ जहाजं), आणि त्यांच्याबरोबर ‘बेंगॉल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’, ‘पंजाब’ ही लहान लढाऊ जहाजं. कागदावर चार वर्षं नुसतं ‘डलहौसी’ दिसलं म्हणजे माणूस मुंबईत बसून होता, असंही नाही. लहान लाँचवर किंवा लँडिंग क्राफ्टवर गेलेल्या माणसांची हजेरी डेपोच्या पटावर राहत असे. अशा वेळी पदकं आणि फोटो जास्त बोलतात.

घरातल्या आठवणी तारखांशी पडताळून बघाव्यात. ‘जपान्यांची मोठी बोट बुडवली’ ही आठवण असेल तर ११ नोव्हेंबर १९४२ ही तारीख बघा. त्या दिवशी कोकोस बेटांजवळ ‘बेंगॉल’ आणि ‘ओंदिना’ हा डच टँकर यांची दोन जपानी सशस्त्र जहाजांशी गाठ पडली आणि त्यातलं ‘होकोकू मारू’ बुडालं. त्या तारखेला सर्टिफिकेटवर ‘बेंगॉल’ असायला हवं. ‘आमचं जहाज बुडालं, पोहून वाचले’ ही आठवण असेल तर ‘इंडस’ तपासा. ते एप्रिल १९४२ मध्ये ब्रह्मदेशात अक्याबला जपानी विमानांच्या बॉम्बफेकीत बुडालं. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत ‘सतलज’ आणि ‘जमना’ होती. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावरच्या उतराईत ‘नर्बदा’ आणि ‘जमना’ तोफा डागत होत्या. आठवण आणि तारीख जुळली नाही तर आठवण खोटी ठरवायची घाई नको. शेजारच्या जहाजावरच्या मित्राची हकिगत घरात आपली होऊन बसते. ती वेगळी लिहून ठेवावी, पण अर्जात घालू नये.

शेवटच्या रकान्यात सुटण्याचं कारण असतं. बहुतेकांच्या कागदावर युद्धोत्तर कपातीचा शेरा असतो. काहींच्या कागदावर ‘एस.एन.एल.आर.’ ही चार अक्षरं असतात, म्हणजे ‘सेवेची आता गरज नाही’. आणि तारीख १९४६ ची असेल तर इथं थांबून विचार करायला हवा. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’वर सुरू झालेला नाविकांचा उठाव २३ तारखेला थांबला. त्यानंतर अनेकांना पकडलं आणि नोकरीतून काढलं. केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजनेत हा उठाव मान्य लढा आहे. पण त्या महिन्यात ‘तलवार’च्या पटावर नाव होतं एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. लढाई संपलेली होती, नोकरीतून सुटण्याची वाट बघणारे शेकडो नाविक मुंबईच्या तळांवर पडून होते. ‘एस.एन.एल.आर.’सुद्धा एकटं पुरत नाही, कारण तो शेरा इतर कारणांनीही मारला जाई. अटकेचा, स्थानबद्धतेचा किंवा उठावावरून काढल्याचा कागद लागतो. त्यासाठी नवी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि मुंबईचं राज्य अभिलेखागार ही दोन ठिकाणं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे त्या काळच्या सरकारी फायली शोधायला बंगळूरपेक्षा मुंबई जवळची.

सर्टिफिकेट हरवलं असेल तर लोक सवयीनं मराठा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसात जातात. तिथं नाविकाचं नाव सापडणार नाही, कितीही चांगले लोक भेटले तरी. नाविकांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये, कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स यांच्याकडे. अर्जात ऑफिशियल नंबर, म्हणजे नाविकाचा नौदलातला नंबर, दिला तरच काम पुढे सरकतं. नुसत्या नावावर मराठा समाजातला माणूस शोधणं अशक्यच म्हणायचं. नंबर पदकावर, जुन्या पत्राच्या पाकिटावर, मनीऑर्डरच्या पावतीवर सापडू शकतो. फाळणीचीही एक अडचण आहे. १९४७ मध्ये नौदल वाटलं गेलं. ‘नर्बदा’ आणि ‘गोदावरी’ पाकिस्तानला गेली, आणि ज्यांनी पाकिस्तानची निवड केली त्यांचे कागदही तिकडे गेले. बेळगावातल्या काही मुसलमान घरांना हे लागू पडतं.

माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर तो कोण करतो हे महत्त्वाचं. हा हक्क भारताच्या नागरिकाला आहे. विलायतेतला नातू परदेशी नागरिक होऊन ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असेल तर त्याचा अर्ज टिकत नाही, तो इथल्या नातेवाइकानं करावा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, प्रतीचं पान २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. सोबत नातं दाखवणारी वंशावळ आणि मृत्यूचा दाखला जोडला की ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ म्हणून अर्ज परत येण्याची शक्यता कमी होते.

पदकांबद्दल थोडक्यात. पिवळसर, सहा टोकांचे ते स्टार; पांढरट, गोल, मागच्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असलेलं ते वॉर मेडल. वॉर मेडल २८ दिवसांच्या सेवेवर मिळे, त्यामुळे ते जवळजवळ सगळ्यांकडे असतं आणि त्यावरून फारसं काही कळत नाही. १९३९–४५ स्टारला नौदलात सहा महिने युद्धक्षेत्रातल्या समुद्रावर काढावे लागत. मधे रुंद तांबडा, त्याला लागून नारिंगी आणि गडद निळ्या पट्ट्या अशी फीत म्हणजे बर्मा स्टार. नुसतं डेपोत बसून तो मिळत नसे. इंडिया सर्व्हिस मेडल तीन वर्षांच्या सेवेचं. भारतीय दलांच्या पदकांवर नाव-नंबर कोरलेले आढळतात, म्हणून गोल पदकाची कड आणि स्टारची मागची बाजू भिंगानं बघा. ब्रासो लावून घासू नका, कोरलेली अक्षरं आधीच उथळ असतात.

आता गाव. सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि इथली माहिती बाहेरच्या माणसाकडे नसते. १९४२ च्या कागदावर ‘जिल्हा बेळगाव, बॉम्बे प्रेसिडेन्सी’ असतं. १९५५ च्या पासपोर्टवर ‘बॉम्बे स्टेट’. १ नोव्हेंबर १९५६ नंतर ‘म्हैसूर स्टेट’, १ नोव्हेंबर १९७३ नंतर ‘कर्नाटक’. २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी. विलायतेतला कारकून हे वेगवेगळे प्रांत समजतो आणि माणूसही वेगवेगळे समजतो. चंदगडचा माणूस युद्धाच्या कागदांवर बेळगाव जिल्ह्यातलाच असतो, कारण तो तालुका १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात गेला. त्याच्या घरचे आज बेळगावात शोधत बसले तर हाती काही लागत नाही. शहापूर आज बेळगाव शहराचा भाग आहे, पण तेव्हा सांगली संस्थानात होतं; तिथल्या नाविकाच्या कागदावर ‘सांगली स्टेट’ असू शकतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. म्हणून आम्ही प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर एक तक्ता करतो : गाव, आणि त्या त्या साली ते कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात, संस्थानात किंवा राज्यात होतं. एवढ्या एका पानानं पुढची निम्मी पत्रं लिहायची वाचतात.

जन्मतारखेसाठी दोन ठिकाणं. पहिलं शाळा. लोकल बोर्डाच्या जुन्या मराठी शाळांचं जनरल रजिस्टर अजून शाळेतच असतं, मुख्याध्यापकांकडून उतारा मिळतो. दुसरं, गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. ते बऱ्याचदा मोडीत असतं, आणि ‘रामा धोंडी यास मुलगा’ एवढंच लिहिलेलं असतं, मुलाचं नाव नसतं. तेव्हा बाप, तारीख आणि भावंडांचा क्रम यांवरून ठरवावं लागतं. मोडी वाचक गाठा, पण त्याच्याकडून लिप्यंतर घेताना मूळ पानाचा फोटो आणि पान नंबर त्याच कागदावर घ्या. सर्टिफिकेटवरची तारीख शाळेच्या तारखेशी जुळली नाही तर घाबरू नका. भरतीसाठी वय वाढवून सांगणं सर्रास होतं. नौदल आणि पासपोर्ट एक तारीख धरतात, शाळा दुसरी. दोन्ही लिहा, कारणही लिहा. एक तारीख खोडून दुसरी दडपायला गेलं की फाईल अडकते.

विलायतेचा प्रवास शोधताना साल महत्त्वाचं. १ जानेवारी १९४९ पासून ब्रिटिश नॅशनॅलिटी अॅक्ट, १९४८ लागू झाला आणि राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये यायला अडकाठी राहिली नाही. अडचण होती ती इकडून पासपोर्ट मिळण्याची, आणि मिळाला तरी तो कोणत्या देशांसाठी ग्राह्य आहे ते त्यावर लिहिलेलं असे. ते पान बघितलं की माणसाचा खरा बेत कळतो. ब्रिटनबरोबर केनिया किंवा युगांडा लिहिलं असेल तर आधी मोंबासा, नैरोबी तपासा. ‘करंजा’ आणि ‘कंपाला’ या बोटी मुंबईहून तिकडे जात, आणि नौदलात इंजिन शिकलेल्या माणसाला तिकडे रेल्वेत आणि बंदरात काम होतं.

थेट ब्रिटनला गेलेल्यांसाठी लंडनमध्ये केव इथं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथं ब्रिटनला आलेल्या बोटींच्या उतारूंच्या याद्या १९६० पर्यंतच्या आहेत आणि त्या ऑनलाइन शोधता येतात. पी अँड ओ च्या ‘स्ट्रॅथमोर’, ‘स्ट्रॅथएडन’ लंडनकडे टिलबरीला लागत. अँकर लाइनच्या ‘सिलिसिया’, ‘सर्केशिया’, ‘कॅलेडोनिया’ लिव्हरपूलला. यादीत वय, धंदा आणि ब्रिटनमधला पहिला पत्ता असतो. तो पत्ता सोन्यासारखा, कारण तिथं बहुधा आधी गेलेला गाववाला किंवा नौदलातला जोडीदार राहत असतो आणि त्याचंही नाव हाती लागतं.

यादीत नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नाही, असं समजू नका. पुष्कळजण लॉइड ट्रिएस्टिनोच्या स्वस्त इटालियन बोटींनी जिनोव्हाला उतरून आगगाडीनं पुढे गेले. युरोपातून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्यांच्या याद्या त्या संग्रहात नाहीत. विमानानं गेलेल्यांच्याही नाहीत. अशांच्या पासपोर्टवर इटलीचा शिक्का असतो, तोच पुरावा.

१ जुलै १९६२ पासून कॉमनवेल्थ इमिग्रंट्स अॅक्टचा निर्बंध आला आणि कामाचं व्हाउचर लागू लागलं. त्याचे तीन वर्ग होते. ‘ए’ म्हणजे नोकरी आधीच ठरलेला, ‘बी’ म्हणजे मागणी असलेलं कसब असणारा, ‘सी’ म्हणजे बाकी सगळे. आणि ‘सी’ वर्गात युद्धात सैन्यसेवा केलेल्यांना अग्रक्रम होता. १९६२ ते १९६४ या काळात गेलेल्या नौसैनिकाच्या घरी मूळ सर्टिफिकेट न सापडता फक्त मॅजिस्ट्रेटच्या सहीची नक्कल सापडली, तर मूळ कागद व्हाउचरच्या अर्जाबरोबर गेला असण्याची शक्यता धरा. विलायतेतल्या मुलांकडे चौकशी करा, बापाच्या घराच्या कागदांत तो निघू शकतो. ऑगस्ट १९६५ च्या श्वेतपत्रिकेनं ‘सी’ वर्ग बंदच केला.

तिकडच्या नोंदीत शोधताना नावाची मोडतोड गृहीत धरा. ‘मारुतीराव’चे दोन तुकडे होऊन आडनाव ‘राव’ होतं. नाव, बापाचं नाव, आडनाव या आपल्या क्रमात शेवटचं गाळून बापाचं नावच आडनाव बनतं. ‘कर’ शेवटी असलेली गावांवरून पडलेली आडनावं तर प्रत्येक कचेरीत वेगळ्या स्पेलिंगनं. आम्ही शोधण्याआधी स्पेलिंगांची यादी करतो, त्यात बापाचं नाव आणि गावाचं नाव आडनाव म्हणूनही घालतो. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात विचारणा करायला हरकत नाही. ते १९३२ पासूनचं आहे आणि जुन्या सभासदांपैकी कुणी ना कुणी माणसाला चेहऱ्यानं ओळखतं.

मृत्यूची नोंद इंग्लंड-वेल्सची एकत्र सूचीत मिळते, स्कॉटलंडची वेगळी. १९६९ च्या दुसऱ्या तिमाहीपासून सूचीत जन्मतारीखही असते, त्यामुळे त्यानंतरचा मृत्यू शोधणं खूप सोपं. सूचीतला संदर्भ देऊन जनरल रजिस्टर ऑफिसकडून पूर्ण दाखला मागवा, छोटा उतारा नको. त्या तिमाहीपासूनच्या पूर्ण दाखल्यावर जन्मस्थळ, धंदा आणि खबर देणाऱ्याचं नाव-नातं असतं. जन्मस्थळाच्या रकान्यात मुलानं सांगितलं ते लिहिलेलं असतं, त्यामुळे कधी नुसतं ‘इंडिया’, कधी ‘बॉम्बे’. म्हणून आधीचा सगळा खटाटोप. प्रोबेट सूची, म्हणजे कोर्टानं मंजूर केलेल्या मृत्युपत्रांची यादी, आणि दहन झालं त्या ठिकाणचं रजिस्टर हेही बघा. अस्थी कुणी नेल्या ते तिथं लिहिलेलं असतं, आणि तोच बहुधा कागद सांभाळणारा वारस निघतो.

तो दाखला इथल्या कचेरीत तसाच चालत नाही. त्यावर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, लावून घ्यावा लागतो. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे वेगळा दूतावासाचा शिक्का लागत नाही. मूळ दाखल्यावरच लावून घ्या, रंगीत झेरॉक्सवर नको. सोबत कन्नड भाषांतर तयार ठेवा, मराठी भाषांतर गावात सगळ्यांना कळतं पण फाईल कन्नडमध्ये चालते.

बहुतेक घरांत हे सगळं शेवटी जमिनीपाशी येतं. माणूस १९५५ ला विलायतेला गेला, पहाणीवर (कर्नाटकातला सातबारा) नाव अजून त्याचंच. वारसा लावायला नाडकचेरीत (गावांच्या गटाची महसूल कचेरी) अर्ज, मृत्यूचा दाखला, तलाठ्याच्या पंचनाम्यानिशी वंशावळ. विलायतेतल्या बायको-मुलांची नावं वंशावळीत घालावीच लागतात. परदेशी नागरिक झाला तरी वारशानं शेतजमीन मिळण्याचा हक्क जात नाही. इथल्या भावकीनं ती नावं गाळून वारसा केला तर तो पुढे कधीही उलटतो. अर्जाआधी हस्तलिखित जुन्या पहाण्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून काढा, संगणकावरच्या पुरत नाहीत. १ मार्च १९७४ च्या आसपासच्या पहाणीत कसणाऱ्याचा १२ वा रकाना कुणाच्या नावे आहे ते बघा. त्या तारखेला कुळाकडे असलेली जमीन कर्नाटकच्या कायद्यानं सरकारजमा झाली. सैनिकानं नोकरीत असताना लावलेल्या खंडाला त्या कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण ती १९४६ ला सुटलेल्या माणसाला लागू पडते का हे महसुली वकिलाला कागद दाखवूनच ठरवावं.

नावांतल्या फरकासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करतात. नुसतं प्रतिज्ञापत्र कमजोर पडतं. त्याला सर्टिफिकेटवरची आणि पासपोर्टवरची खुणांची ओळ, शाळेचा उतारा आणि गावाचा तो साल-जिल्हा तक्ता जोडा. फेरफार मंजूर झाला की नवी पहाणी काढून ९ व्या रकान्यातली कन्नड नावं अक्षर न्‌ अक्षर तपासा. विलायतेतल्या वारसाचं नाव तिथं त्याच्या पासपोर्टप्रमाणेच उतरलेलं हवं, आणि चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज लगेच त्याच नाडकचेरीत द्यावा.